कोळ्यांची भीती (ब्रिटनमधील पानगळीचा काळ)

कोळ्यांची भीती : ऑगस्ट सरत आला की ब्रिटनमधल्या घरांत दिवेलागणीनंतर मोठाले तपकिरी कोळी जमिनीवरून, भिंतीच्या कडेकडेने धावताना दिसू लागतात. सप्टेंबरात त्यांची वर्दळ सर्वाधिक असते आणि ऑक्टोबरनंतर ती ओसरते. ते दिसताच बऱ्याच जणांच्या छातीत धस्स होते. काहींना मात्र त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकवत नाही, झोप लागत नाही, अंघोळीला जाण्याआधी दुसऱ्या कुणाला आत डोकावून यायला सांगावे लागते. या तीव्र भीतीला ‘अ‍ॅरॅक्नोफोबिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘अराख्ने’ म्हणजे कोळी. अथेना देवीशी विणकामात स्पर्धा केली म्हणून कोळी होऊन बसलेल्या मुलीचेही तेच नाव.

कोणते कोळी : ब्रिटनमध्ये कोळ्यांच्या साडेसहाशेहून अधिक जाती आढळतात. पानगळीत घाबरवणारे त्यांतले मोजकेच, मुख्यतः एराटिजेना या प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). पूर्वी ते टेजेनारिया या प्रजातीत मोडत. २०१३ मध्ये वर्गीकरणतज्ज्ञांनी काही जाती वेगळ्या काढल्या आणि जुन्या नावातली अक्षरे उलटीपालटी करून नवे नाव तयार केले. या कोळ्याचे धड जेमतेम दीड सेंटिमीटरचे असते, पण पाय पसरले की तो सात सेंटिमीटरपर्यंत जागा व्यापतो. त्याहून लांब पायांचा ‘कार्डिनल कोळी’ दक्षिण इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींत असतो. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात कार्डिनल वुल्झी या बड्या धर्माधिकाऱ्याला त्याने घाबरवले होते अशी दंतकथा आहे आणि नाव त्यावरूनच पडले.

हे कोळी चावू शकतात, पण क्वचितच चावतात आणि त्यांच्या विषाने माणसाला अपाय होत नाही. ‘फॉल्स विडो’ या नावाने वर्तमानपत्रांत गाजणारा कोळी वेगळा. त्याची ब्रिटनमधली पहिली नोंद १८७९ मध्ये टॉर्की इथे झाली. तो चावला तर गांधीलमाशीच्या डंखासारखी आग होते. २०१३ च्या पानगळीत त्याच्याविषयी एवढ्या भडक बातम्या आल्या की साध्या घरगुती कोळ्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

पानगळीतच का : बाहेर थंडी पडते म्हणून कोळी उबेला घरात शिरतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे. हे कोळी वर्षभर तिथेच असतात: कपाटामागे, फरशीखालच्या पोकळीत, गॅरेजमध्ये, बागेतल्या लाकडी शेडमध्ये. प्रत्येकाचे चादरीसारखे पसरट जाळे असते, त्याच्या कोपऱ्यात नळीसारखा बोगदा आणि त्या बोगद्यात तो स्वतः. उन्हाळा संपताना नर शेवटची कात टाकतो, प्रौढ होतो आणि जाळे सोडून मादीच्या शोधात निघतो. आपल्याला दिसतो तो हाच. ब्रिटनमध्ये नागरिकांकडून मोबाइल अ‍ॅपवर अशा कोळ्यांच्या हजारो नोंदी गोळा करण्यात आल्या. त्यांतूनही हेच दिसले: पाहिले गेलेले बहुतेक कोळी नर होते आणि वेळ संध्याकाळची होती. नर ओळखणे सोपे असते. त्याच्या तोंडापुढच्या दोन लहान उपांगांची टोके फुगीर असतात, जणू मुष्टियोद्ध्याचे हातमोजे.

तो धावतो तेव्हा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असतो. पण त्या धावण्यात दम नसतो. कोळ्याचे दुमडलेले पाय सरळ होतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने, त्यासाठी पुरेसे स्नायू त्याला नाहीत (म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले असतात). थोडे अंतर कापले की तो थकून थबकतो. घाबरलेल्या माणसाला वाटते, ‘थांबून माझ्याकडे बघतोय.’ प्रत्यक्षात त्याची नजर अधू असते. पायांवरच्या अतिसूक्ष्म केसांना हवेची हालचाल आणि जमिनीची थरथर कळते, तेवढ्यावरच त्याचे सगळे चालते. माणसाने किंचाळून पाय आपटला की त्या दणक्याने तो पुन्हा पळत सुटतो, कधी नेमका त्या माणसाच्याच दिशेने, कारण सोफ्याखालचा अंधार तिकडे असतो. ‘तो माझ्या अंगावर धावून आला’ हा अनुभव खोटा नसतो. कोळ्याचा इरादा मात्र तसा नसतो, आणि भीती हाताळताना हा फरक फार कामाला येतो.

बाथटबचेही असेच. टबात कोळी दिसला की तो गटारातून वर आला असे मानतात. पण सांडपाण्याच्या पाइपच्या वाकात पाणी साचलेले असते, ते ओलांडून येणे त्याला जमत नाही. तो पाणी शोधताना किंवा फिरता फिरता वरून घसरून पडतो आणि अडकतो, कारण गुळगुळीत पृष्ठभागाला धरून चढण्यासाठी लागणारे दाट केसांचे गुच्छ या जातीच्या पायांना नसतात. पांढऱ्याशुभ्र टबाच्या कडेवर तो पुन्हा पुन्हा चढू पाहतो, अर्ध्यावरून खाली सरकतो, क्षणभर थांबतो, परत पाय उचलतो. रात्रभर हेच चालू असते. टबाच्या कडेवरून टॉवेलचे एक टोक आत सोडून ठेवले, तर सकाळपर्यंत तो निघून गेलेला असतो.

भीतीचे स्वरूप : साधी किळस आणि भयगंड यांत फरक आहे. भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने ती फारच मोठी असली आणि तिच्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर मानसोपचारात तिला ‘विशिष्ट भयगंड’ म्हणतात. तिची सुरुवात बहुधा लहानपणी होते. आईवडील दचकतात ते मूल पाहते आणि उचलते. पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची आणि कोळ्यांची चित्रे दाखवली, तेव्हा कोळी पाहताना त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अधिक विस्फारल्या. याचा अर्थ बाळे घाबरली असा नाही. कोळ्याकडे लक्ष चटकन वेधले जाते, इतकेच त्यातून म्हणता येते. सापाकोळ्यांची भीती शिकण्याची तयारी उत्क्रांतीने माणसात ठेवली असावी, ही मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांची १९७१ मधली मांडणीही याच दिशेची आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी वेगळे बोट दाखवले. त्यांच्या मते या भीतीत चाव्याच्या धास्तीपेक्षा किळस अधिक आहे, आणि तिचे मूळ युरोपात शतकानुशतके कोळ्यांचा रोगराईशी जोडलेला संबंध हे असावे. मराठी वाचकाला हे लगेच पटेल. आपल्याकडेही अंगावर अचानक लालसर चट्टा किंवा पुरळ उठला की ‘कोळी गेला असेल अंगावरून’ असे म्हणून मोकळे होतात. तो चट्टा पुष्कळदा अंगावर चिरडलेल्या एखाद्या किड्याच्या दाहक स्रावाचा किंवा नागिणीचा असतो. दोष जातो कोळ्याला.

भीतीने नजरही फसते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मायकेल वेझी आणि सहकाऱ्यांनी कोळ्यांना घाबरणाऱ्यांना जिवंत टॅरँटुला (मोठा केसाळ कोळी) दाखवून नंतर त्याच्या आकाराचा अंदाज विचारला. जितकी भीती अधिक, तितका कोळी मोठा सांगितला गेला. ‘तळहाताएवढा होता’ असे कळवळून सांगणाऱ्याला घरच्यांनी हसू नये ते यासाठी. त्याला तो तेवढाच दिसलेला असतो.

घरगुती तोडगे : इंग्लंडात सर्वांत लोकप्रिय तोडगा म्हणजे ‘काँकर’, हॉर्स चेस्टनट झाडाची तपकिरी, चकचकीत बी. कोळी येऊ नयेत म्हणून पानगळीत ती गोळा करून खिडक्यांत ठेवतात. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने याचा पुरावा मागवला, तेव्हा कॉर्नवॉलमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी प्रयोग करून दाखवले की कोळी काँकरवरून खुशाल चालत जातात. पुदिन्याच्या तेलाची बाजू थोडी बरी आहे. २०१८ मधल्या एका चाचणीत काही जातींचे कोळी त्यापासून दूर राहिले, लिंबाच्या तेलाची मात्र त्यांना पर्वा नव्हती. दाराखालची फट बुजवणे, पलंग भिंतीपासून थोडा सरकवणे, पांघरूण जमिनीला टेकू न देणे यांत गैर काही नाही. पण अशा तजविजी वाढत गेल्या, की भीतीला खतपाणी मिळते. रोज रात्री टॉर्च घेऊन पलंगाखाली पाहणाऱ्याला त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या रात्री पाहणे अधिकच गरजेचे होऊन बसते. व्हॅक्युम क्लीनरने कोळी ओढून घेणाऱ्यांना पुढचे कित्येक तास तो पिशवीतून बाहेर येईल ही चिंता सोडत नाही.

उपचार : या भयगंडावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पायरीपायरीने सामोरे जाणे. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलावर ही वाट प्रथम चोखाळली. जोसेफ वोल्पी यांनी १९५८ मध्ये तिला शास्त्रशुद्ध पद्धतीचे रूप दिले. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवले की कोळ्यांसारख्या विशिष्ट भीतीसाठी जास्तीत जास्त तीन तासांची एकच बैठक पुष्कळदा पुरते. त्या बैठकीत जबरदस्ती नसते. उपचारक आधी करून दाखवतो, मग रुग्ण. ‘तो हातावर आला तर सरळ बाहीत शिरेल’ अशी पक्की खात्री असलेला माणूस, कोळी एका हातावरून दुसऱ्या हातावर नुसता चालत राहतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. समजावणीचे शंभर शब्द जे करत नाहीत ते तिथे होते. नुसती पुस्तिका घेऊन घरी एकट्याने केलेल्या सरावाचा गुण मात्र बराच कमी येतो, म्हणून सोबतीला जाणते माणूस हवे.

१९९७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच आभासी वास्तवात करून पाहिले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातही अशा लोकांसाठी खास कार्यक्रम होतो, त्यात कोळ्यांची माहिती, संमोहन आणि शेवटी प्रत्यक्ष भेट असते. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीज या मानसोपचार सेवेकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येते.

२०१२ मधले एक निरीक्षण इथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. टॅरँटुलाजवळ जाताना ज्यांनी आपली भीती शब्दांत बोलून दाखवली, त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया आठवड्यानंतर इतरांहून सौम्य होती. ‘काही नाही, घाबरू नकोस’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला धडकी भरली आहे, हात थरथरतायत’ असे मोठ्याने म्हणणे अधिक उपयोगी.

पेला आणि पुठ्ठा : ब्रिटनमध्ये कोळी पकडायची घरोघरची रीत हीच आणि ओस्ट यांच्या बैठकीतही हीच शिकवतात. काचेचा रुंद तोंडाचा पेला कोळ्यावर अलगद उपडा ठेवायचा, मात्र पाय काठाखाली चिरडू द्यायचे नाहीत. मग ग्रीटिंग कार्डासारखा पातळ पुठ्ठा जमीन आणि काठ यांच्यामधून सरकवायचा. कोळी स्वतःच पाय उचलून पुठ्ठ्यावर येतो. घाई इथेच नडते. पेला ठेवल्यावर दोन मिनिटे नुसते बसून त्याच्याकडे पाहिले, तर तो पाय तोंडाशी नेऊन साफ करतो, काचेला चाचपतो आणि शांत बसतो. पाहणाऱ्याच्या छातीची धडधडही एव्हाना उतरू लागलेली असते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हा हंगाम नेमका घटस्थापनेआधीच्या साफसफाईवर येतो. लांब काठीच्या झाडूने जळमटे काढायची आपली सवय तिथेही सुटत नाही. त्यात वाईट काही नाही, पण कपाटामागचे जाळे पाडले की बेघर झालेला कोळी रात्री फरशीवर फिरताना दिसण्याची शक्यता वाढते. ज्याला भीती वाटते त्याच्या खोलीतली जळमटे दिवसाउजेडी काढावीत आणि सापडलेला कोळी तेव्हाच पेल्यात धरावा.

पकडलेल्याला उघड्या हिरवळीवर सोडणे ही मोठी भूतदया नव्हे, हा कोळी आडोशाला राहणारा आहे. शेड, गॅरेज किंवा लाकडांचा ढीग बरा. तिथे एखाद्या मादीचे जाळे असेल तर नर काही आठवडे तिच्याजवळ राहतो, मग मरतो आणि मादी त्याला खाऊन टाकते. ती त्याच जाळ्यात हिवाळा काढते.