कॅलिफोर्निया : कम्युनिटी कॉलेजमधून यूसी आणि सीएसयूत ट्रान्स्फर – पात्रता, अर्ज, कागदपत्रं

आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे डिग्रीची पहिली दोन वर्षं स्वस्तात शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजचं, नाव निघालं की अजूनही "का, कुठे ॲडमिशन मिळाली नाही का?" असा प्रश्न येतो. हा प्रश्न आता बंद व्हायला हवा. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि तिथल्या रहिवाशांना एका युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. वर्षाला ३० युनिट घेतले तर शिकवणीची फी १,३८० डॉलर होते, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना तीही माफ होऊ शकते. पुढची दोन वर्षं युनिव्हर्सिटीत करून हातात पडते ती त्याच युनिव्हर्सिटीची डिग्री. यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) तर धोरणच आहे की पहिल्या वर्षाच्या दर दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्स्फर विद्यार्थी घ्यायचा.

अडचण असायची ती नियमांच्या गुंत्याची. राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये हा रस्ता आखलेला होता, पण प्रत्येक कॉलेजचे कोर्स नंबर वेगळे, सीएसयूची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) जनरल एज्युकेशनची, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांची, यादी वेगळी, यूसीची वेगळी. मुलं मेहनतीने कोर्स पूर्ण करायची आणि वर गेल्यावर कळायचं की यातले काही धरलेच जात नाहीत. गेल्या काही वर्षांतल्या कायद्यांनी हा गुंता बराच सोडवला आहे.

काय बदललं

२०१०च्या कायद्याने 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर' आली. ६० सेमिस्टर युनिट आणि किमान २.० जीपीए (ग्रेडची सरासरी) घेऊन ही डिग्री पूर्ण केली की सीएसयूत प्रवेशाची हमी मिळते, आणि त्याच विषयात पुढे गेलात तर आणखी ६० युनिटांत बॅचलर्स पूर्ण होईल याचीही. पण हमी सीएसयू या संस्थेत प्रवेशाची आहे, तुम्हाला हव्या त्या कॅम्पसची किंवा मेजरची (मुख्य विषयाची) नाही. सॅन होजे स्टेटचं कॉम्प्युटर सायन्स डोक्यात धरून बसलेल्या घरांनी हे आधीच समजून घ्यावं. अर्ज केलेल्या कुठल्याच कॅम्पसला नंबर लागला नाही, तर जागा असलेल्या दुसऱ्या कॅम्पसकडे अर्ज वळवला जातो.

२०२१ मध्ये दोन कायदे झाले. एकामुळे २०२५च्या फॉल (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या) सेमिस्टरपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे चालणारी 'कॅल-जीईटीसी' ही एकच यादी लागू झाली : ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट, प्रत्येकात किमान सी. आधीपासून सलग शिकत असलेल्यांना जुनी यादी पूर्ण करता येते. त्यांनी काउन्सेलरकडून तसं लेखी घ्यावं. दुसऱ्या कायद्याने सगळ्या कॉलेजांत समान कोर्स नंबर आणायला सुरुवात केली. उदाहरणार्थ, स्टॅटिस्टिक्सचा पायाभूत कोर्स आता सगळीकडे 'स्टॅट सी१०००'. त्यामुळे एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलं तरी तो ओळखला जातो.

यूसीची किमान पात्रता

ट्रान्स्फर होईल असे ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट (काही कॉलेजांत वर्ष दोन सेमिस्टरऐवजी तीन क्वार्टरमध्ये विभागलेलं असतं), रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८ जीपीए. शिवाय सात ठरावीक कोर्स : इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन, गणिताचा एक, आणि उरलेले चार कला-मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले. हे सगळं फॉलमध्ये जायच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत (साधारण मे-जूनपर्यंत) संपलेलं असावं. ही किमान पात्रता झाली. बर्कली किंवा लॉस एंजेलिसच्या मागणी असलेल्या मेजरसाठी प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त लागतं.

'टॅग' (ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी) ही प्रवेशाची हमी-योजना डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसना आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला नाही. सहांपैकी एकाच ठिकाणी टॅग टाकता येतो, १ ते ३० सप्टेंबरमध्ये. त्यासाठी तोवर किमान ३० सेमिस्टर युनिट पूर्ण हवेत. लागणारा जीपीए कॅम्पस आणि मेजरनुसार बदलतो, आणि काही मेजर योजनेबाहेर आहेत (सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यातलंच). टॅग मंजूर झाला तरी नेहमीचा यूसी अर्ज वेगळा भरावाच लागतो. तो राहिला तर हमी गेली.

असिस्ट : पहिल्या आठवड्यात उघडायची साइट

ट्रान्स्फरची खरी तयारी पहिल्या सेमिस्टरचे विषय निवडतानाच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. असिस्ट डॉट ऑर्ग ही अधिकृत साइट त्यासाठीच आहे. तिथे आपलं कॉलेज, जायची युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की तक्ता उघडतो : डावीकडे युनिव्हर्सिटीला हवा असलेला कोर्स, उजवीकडे त्याला चालणारा आपल्या कॉलेजचा कोर्स. मधले 'अँड' आणि 'ऑर' हे शब्द डोळ्यांत तेल घालून वाचा. 'अँड' असेल तर दोन्ही कोर्स पूर्ण केल्याशिवाय वरचा एक कोर्स भरत नाही. डी ॲन्झा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, बर्कली सेमिस्टरवर. त्यामुळे कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्सची मालिका अर्ध्यात सोडून दुसऱ्या कॉलेजात पूर्ण करण्याच्या फंदात पडू नका. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर त्याला चालणारा म्हणून मान्य केलेला कोर्स आपल्या कॉलेजात नाही असा अर्थ. शेजारच्या कॉलेजात तो मिळतो का, ते काउन्सेलरला विचारा.

पसंतीचे चार कॅम्पस असतील तर चारही तक्ते छापून शेजारी ठेवा. समान असलेले कोर्स आधी घ्यावेत. विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांनी यूसीसाठी मेजरच्या कोर्सना पहिलं प्राधान्य द्यावं, जनरल एज्युकेशनची यादी त्यानंतर. आणि विनाकारण कोर्स वाढवू नका : कम्युनिटी कॉलेजचे जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट यूसी मोजते.

अर्ज आणि कागदपत्रं

यूसीचा अर्ज १ ऑगस्टपासून भरायला मिळतो आणि १ ऑक्टोबरपासून साधारण ३० नोव्हेंबरपर्यंत सबमिट करता येतो. सीएसयूचा 'कॅल स्टेट अप्लाय'ही १ ऑक्टोबरला उघडतो. फी प्रत्येक कॅम्पसमागे : यूसीला ८० डॉलर (आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना ९५), सीएसयूला ७०. सीएसयूच्या अर्जात असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फरचा पर्याय निवडायला विसरू नका. तो निवडला नाही तर त्या डिग्रीचा फायदा अर्जात दिसतच नाही.

यूसीच्या अर्जासोबत ट्रान्स्क्रिप्ट (कॉलेजचं अधिकृत गुणपत्रक) जोडायचा नसतो. मार्क तुम्हीच भरायचे, म्हणून ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवूनच भरा. डब्ल्यू मिळालेला (मध्येच सोडलेला), नापास झालेला, पुन्हा केलेला, सगळे कोर्स नोंदवावे लागतात. पुण्यात किंवा नागपुरात एखादं सेमिस्टर करून सोडलं असेल तर तेही. भारतातले गुण मार्कशीटवर आहेत तसेच लिहायचे. ग्रेडमध्ये बदलायचे नाहीत. माहिती लपवल्याचं नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. शिफारसपत्र किंवा सॅट लागत नाही. चार छोटी उत्तरं लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द, आणि त्यातलं मेजरच्या तयारीबद्दलचं सक्तीचं आहे. जानेवारीत फॉलचे मार्क आणि स्प्रिंगचे विषय 'ट्रान्स्फर ॲकॅडमिक अपडेट'मध्ये भरायचे. हे काम पुष्कळ जणांकडून राहून जातं.

रहिवासी दर्जा आणि व्हिसा

आपल्या घरांसाठी पैशाचा सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वरच्यांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरता येतं. त्यासाठी ठरलेल्या तारखेआधी एक वर्षाहून जास्त प्रत्यक्ष वास्तव्य आणि इथेच राहायचा इरादा दाखवावा लागतो. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), व्हिसा मंजुरीची नोटीस, घराचा करार, राज्याचं टॅक्स रिटर्न आणि ड्रायव्हिंग लायसन्स एका फाइलमध्ये लावून ठेवा. कम्युनिटी कॉलेजने रहिवासी मानलं म्हणून युनिव्हर्सिटी आपोआप मानत नाही. ती स्वतः तपासते.

एच-४ दर्जा २१ व्या वाढदिवसाला संपतो, आणि ट्रान्स्फर होणारी बरीच मुलं नेमकी याच वयाला पोचलेली असतात. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतलं तर त्यावर नव्याने रहिवासी ठरता येत नाही. म्हणून व्हिसा बदलण्याआधी इमिग्रेशन वकिलाला आणि युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला, दोघांनाही विचारा.

भारतातून थेट एफ-१ वर आलेल्यांना दर सेमिस्टरला किमान १२ युनिट घ्यावे लागतात आणि फी बाहेरच्यांच्या दराने, म्हणजे बरीच जास्त असते. प्रवेश मिळाल्यावर कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला सांगून सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड नव्या युनिव्हर्सिटीकडे सोडवून घ्यायचा आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाची बँक कागदपत्रं देऊन नवं आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं ते पत्र) मिळवायचं.

यूसीचे निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात आणि होकार १ जूनपर्यंत कळवायचा असतो. त्यानंतर कॉलेजकडून अंतिम अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट आणि कॅल-जीईटीसीचं सर्टिफिकेशन मागवा. सर्टिफिकेशन बहुतेक ठिकाणी आपणहून मागावं लागतं, तेव्हा स्प्रिंगचे ग्रेड लागले की लगेच अर्ज टाका.