उभ्या गाडीची बॅटरी

गोव्यातील कित्येक घरांतले कोणी ना कोणी जहाजावर नोकरीला असते. सहा-आठ महिन्यांच्या करारावरून परतलेला हा माणूस पडवीतल्या मोटरसायकलवरचे कापड काढतो, चावी फिरवून बटण दाबतो, आणि इंजिन फिरण्याऐवजी सीटखालून फक्त ‘टिक’ असा रिलेचा, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, आवाज येतो. किनाऱ्याजवळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या स्कूटरींची गतही अशीच होते. जूनमध्ये पर्यटक ओसरले की त्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या राहतात आणि ऑक्टोबरात हंगामाची तयारी सुरू झाली की त्यांतल्या अनेकींना नवी बॅटरी लागते. याउलट दिवसभरात वीस-तीस भाडी मारणाऱ्या पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मोटरसायकलची बॅटरी विनातक्रार चालत राहते. वापरलेली वस्तू टिकावी आणि न वापरलेली बिघडावी, हे आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या उलट आहे. पण बॅटरीच्या आतले रसायनशास्त्र पाहिले की यातले कोडे उरत नाही.

दुचाकीत आजही प्रामुख्याने वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली, आणि तिचे मूळ तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. सेलमधील एका प्लेटवर लेड डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये पाणी मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल असते. बॅटरीतून वीज घेतली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमू लागते आणि आम्लातील सल्फेट कमी झाल्यामुळे ते पातळ होते. चार्ज करताना हीच क्रिया उलटी घडते, लेड सल्फेट विरघळून प्लेटा पूर्ववत होतात आणि आम्ल पुन्हा दाट होते. म्हणूनच पाणी घालण्याच्या बॅटरीची अवस्था आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे यावरून, कळते. पूर्ण चार्ज असताना ते १.२६ ते १.२८ च्या आसपास असते आणि उतरलेल्या बॅटरीत ते १.१५ च्याही खाली जाते.

लेड सल्फेट तयार होणे हा बिघाड नाही. तो बॅटरीच्या कामाचाच भाग आहे. घात होतो तो हे सल्फेट तसेच पडून राहिल्यामुळे. ताजे सल्फेट अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असते आणि चार्जिंगचा प्रवाह मिळताच सहज विरघळते. मात्र आठवडेच्या आठवडे गेले की बारीक कण विरघळत जातात आणि त्यांचे द्रव्य मोठ्या स्फटिकांवर बसत जाते. साखरेच्या घट्ट पाकात दोरा लोंबत ठेवल्यावर जशी खडीसाखर वाढते, तशीच ही वाढ असते. मोठ्या स्फटिकाचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने थोडा असतो, शिवाय लेड सल्फेट विजेचे वाहक नाही, त्यामुळे चार्जर लावला तरी हा थर हटत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात. अशी बॅटरी चार्जरवर लवकर ‘फुल’ झालेली दिसते, कारण प्लेटेचा थोडाच भाग काम करत असतो, आणि दोन वेळा बटण दाबताच ती पुन्हा बसते. ग्राहकाला वाटते की चार्जिंग नीट झाले नाही. खरे तर आत चार्ज साठवायला जागाच उरलेली नसते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी, याचे गणित साधे आहे. चावी बंद असली तरी घड्याळ, अलार्म किंवा इंजिनाचे नियंत्रण करणारा ईसीयू थोडी वीज घेत राहतो. समजा ही ओढ फक्त २ मिलिअँपिअर आहे. दिवसाला ती ४८ आणि महिन्याला १४४० मिलिअँपिअर-तास होते. लहान स्कूटरच्या बॅटरीची क्षमता ४ अँपिअर-तास, म्हणजे ४००० मिलिअँपिअर-तास, असेल, तर तीन महिने पुरे होण्याआधीच ती रिकामी होईल. यात बॅटरीच्या आतल्या आत होणाऱ्या गळतीची भर पडते. ही गळती तापमानाबरोबर वाढते आणि दर दहा अंश सेल्सिअसला ती स्थूलमानाने दुप्पट होते. गोव्यात थंडीचा कडाका कधीच नसतो, त्यामुळे आपली बॅटरी वर्षभर या बाबतीत तोट्यातच असते. उष्णतेचा आणखी एक परिणाम फारसा ध्यानात येत नाही. थंड प्रदेशात कमकुवत बॅटरी पहिल्याच गारठ्यात उघडी पडते, कारण थंडीत तिची ताकद घटते आणि इंजिनातले तेल घट्ट होते. आपल्याकडे उबदार हवेमुळे अर्धमेली बॅटरीही इंजिन फिरवत राहते आणि एक दिवस पूर्वसूचना न देता बंद पडते.

घरी राहिलेल्या माणसांना ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी चालू ठेवा’ असे सांगून जाण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असला तरी हा उपाय अपुरा आहे. इंजिन मंद गतीने चालत असताना मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्राची, वीज बेताचीच असते, आणि एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो, त्यामुळे त्यातला मोठा वाटा दिव्यातच जातो. गाडी सुरू करताना स्टार्टरने ६० अँपिअरचा प्रवाह एक सेकंद घेतला, तर खर्च झालेली वीज १ अँपिअरने मिनिटभरात भरून निघते. पण जुन्या पेट्रोलमुळे इंजिन पकडत नसेल आणि पाच-पाच सेकंद दहा वेळा बटण दाबले असेल, तर तो हिशेब जवळजवळ तासाभरावर जातो. घरात कोणाला चालवता येत असेल तर आठवड्याला अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवून आणावी. तसे नसेल तर जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण तार काढून ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने चार्जर लावण्याची सोय करावी. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका असावा: ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, ९ च्या बॅटरीला ०.९ अँपिअर. चारचाकीचा मोठा चार्जर घाईघाईने लावल्यास लहान बॅटरी तापते आणि तिच्यातले पाणी वायुरूपाने निघून जाते.

बॅटरी बदलायची की नाही, हे ठरवण्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो आणि तो प्रत्येक गाडीवाल्याच्या घरी असावा असे मला मनापासून वाटते. गाडी बंद करून काही तास गेल्यावर मोजमाप घ्यावे, कारण नुकत्या थांबलेल्या गाडीची बॅटरी फसवे, जास्तीचे व्होल्ट दाखवते. १२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर ती त्याच दिवशी चार्ज करायला हवी. चार्जिंगनंतरही आकडा १०.५ च्या जवळपास अडकत असेल तर एक सेल निकामी झाला आहे आणि ती बॅटरी वाचणार नाही. नंतर इंजिन चालू करून थोडा वेग दिल्यावर साधारण १४ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा १३ च्या वर चढतच नसेल किंवा १५ च्या पलीकडे जात असेल, तर दोष मॅग्नेटो, वायरिंग किंवा बॅटरीकडे जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये असू शकतो, आणि तो दुरुस्त न करता बसवलेली नवी बॅटरीही काही महिन्यांत जाईल.

त्याआधी टर्मिनल, म्हणजे बॅटरीला तारा जोडण्याची टोके, मात्र नक्की पाहावेत. हरमल-मोरजीपासून काणकोणपर्यंतच्या किनारपट्टीवर हवेतच मीठ आहे, त्यात पावसाळ्याची दमट हवा. या दोहोंमुळे तांब्याच्या तारेवर हिरवा-निळा आणि शिशावर पांढरा थर चढतो. या थराचा विद्युतरोध ०.०५ ओहम इतका किरकोळ असला तरी ६० अँपिअरच्या प्रवाहाला तिथेच ३ व्होल्ट गमवावे लागतात, आणि स्टार्टरपर्यंत जेमतेम नऊ पोहोचतात. दिवे नीट लागतात पण स्टार्टर फिरत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, कारण दिव्याला प्रवाहच थोडा लागतो. तारा सोडवून पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने टर्मिनल धुवावेत, कोरडे करावेत, तारा घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये.

नवी बॅटरी बसवताना काढण्या-जोडण्याचा क्रम पाळावा. काढताना आधी ऋण तार, मग धन; बसवताना आधी धन, मग ऋण. मोटरसायकलचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो, त्यामुळे ऋण तार जागेवर असताना धन टर्मिनलचा बोल्ट सोडवायला गेलो आणि पाना सांगाड्याला टेकला, तर बॅटरी शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि जवळ विडी-सिगारेट नसावी. नवी बॅटरी निवडताना जुनीचे माप, अँपिअर-तास आणि टर्मिनलची बाजू, तिन्ही जुळली पाहिजेत, कारण टर्मिनल उलट्या बाजूला असले तर आखूड तार ओढून बसवण्याच्या प्रयत्नात धन-ऋणाची अदलाबदल होते आणि रेक्टिफायर किंवा ईसीयू क्षणात जळतो.

हल्ली बहुतेक गाड्यांत बंदिस्त बॅटरी येते. तिच्यात चार्जिंगवेळी निघणारा ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा पाण्याच्या रूपात परततो, त्यामुळे तिचे झाकण उघडून पाणी घालण्याचा प्रश्न येत नाही. जुन्या मोटरसायकलींत मात्र अजूनही खुणा असलेल्या पारदर्शक डब्याची बॅटरी आढळते. तिची पातळी खालच्या रेषेकडे आली की त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल कधीच घालू नये, कारण उडून गेलेले असते ते पाणी. आम्ल आतच असते. या ठिकाणी विहिरीच्या पाण्याचा मोह टाळायला हवा. आपल्या बहुतेक विहिरी चिऱ्याच्या, म्हणजे लोहयुक्त जांभ्या दगडाच्या जमिनीत खोदलेल्या आहेत. पाण्यातून आलेले लोह एका प्लेटेवर इलेक्ट्रॉन देते, दुसरीवर घेते आणि अशा फेऱ्या मारत बॅटरी आतूनच रिकामी करत राहते. समुद्राजवळच्या विहिरींत क्लोराइडही असते आणि ते प्लेटांच्या शिशाच्या जाळीला खाते. पिण्यास गोड आणि स्वच्छ असलेले पाणी बॅटरीला मानवेलच असे नाही. अशा बॅटरीची वायू बाहेर सोडणारी बारीक नळी दुमडलेली नाही ना आणि तिचे टोक साखळीवर येत नाही ना, तेही पाहून घ्यावे.

काढलेली बॅटरी घराच्या मागच्या बाजूला, माडाच्या आळ्याशी किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. तिच्यातले शिसे पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाची अगदी थोडी मात्राही बाधते. शिसे वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेते बहुधा जुनीची किंमत नवीच्या बिलातून वजा करून देतात. त्यामुळे नवी आणायला जाताना जुनी बॅटरी उभी ठेवून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावी आणि नवी बसवल्यावर तिच्या अंगावर न पुसणाऱ्या शाईने तारीख लिहावी, म्हणजे पुढच्या वेळी ती किती चालली याचा अंदाज आठवणीवर सोडावा लागत नाही.