दमट हवा जड नसते, तरी सिएटलचा चेंडू अडतो

माझा भाचा सिएटलजवळ राहतो आणि तिथल्या मरिनर्स या बेसबॉल संघासाठी जीव टाकतो. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला की एकच गाऱ्हाणं असायचं. "मावशी, आमचे पिचर बघ आणि आमचे बॅटर बघ!" (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, बॅटर म्हणजे फलंदाज.) आकडे पाहिले तर त्याचं चुकत नव्हतं. सामन्याची सुरुवात करणाऱ्या मरिनर्सच्या पिचरांनी त्या वर्षी नऊ इनिंगमागे (म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे) क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून सरासरी ३.३८ धावा दिल्या. अमेरिकेच्या मुख्य लीगमधल्या तीसही संघांत एवढी कंजुषी कोणाला जमली नाही. त्याच संघाचे बॅटर १,६२५ वेळा स्ट्राइकआउट झाले, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाले, हाही तीस संघांतला उच्चांकच. बाद फेरी एका विजयाने हुकली.

हे दुखणं जुनं आहे. २०१० मध्ये याच संघाच्या फेलिक्स हर्नांडेझची सरासरी २.२७ होती. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला, पण त्याच्या नावावर विजय १३ आणि पराभव १२. कारण १६२ सामन्यांत मिळून त्याच्या संघाने अवघ्या ५१३ धावा केल्या होत्या.

भाच्याचं स्पष्टीकरण असं: "इथली हवा समुद्रावरची, दमट आणि जड. चेंडू पुढे सरकतच नाही." यातलं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं साफ चूक. चुकीचा अर्धा भाग आपल्याकडेही घट्ट रुजलेला आहे, म्हणून आधी तो निस्तरू. वानखेडेवर सामना असला की "आज हवा दमट, जड आहे" हे वाक्य हमखास कानावर पडतं.

शाळेत ॲव्होगॅड्रोचा नियम शिकलो होतो, तो आठवा. तापमान आणि दाब सारखा असेल, तर एका डब्यात कोणत्याही वायूचे रेणू तितकेच मावतात. हवेत बाष्प शिरतं तेव्हा ते रिकाम्या जागेत जाऊन बसत नाही, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंना बाजूला सारून जागा घेतं. नायट्रोजनच्या रेणूचं वजन २८, ऑक्सिजनचं ३२, पाण्याचं फक्त १८. भारी गडी बाहेर गेला, हलका आत आला. म्हणजे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते! आपल्याला ती जड वाटते, कारण तिच्यात घाम वाळत नाही. तो त्वचेचा अनुभव आहे, हवेच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. शिवाय फरकही चिमूटभर. सिएटलच्या थंड संध्याकाळी हवा बाष्पाने पूर्ण भरली, तरी ती एक टक्काही हलकी होत नाही.

दमटपणाचा खरा परिणाम चेंडूवर होतो. ओलावा शोषलेला चेंडू वजनाने किंचित वाढतो आणि बॅटवरून कमी उसळतो. त्यामुळेच २०२२ पासून अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या मैदानांवर चेंडू ठरावीक आर्द्रतेच्या कपाटात ठेवूनच बाहेर काढतात. तोही बहाणा संपला.

मग बरोबर काय? हवा दाट आहे, आणि ती थंडीमुळे. एप्रिल-मे महिन्यांतल्या संध्याकाळी सिएटलला पारा दहा-बारा अंशांवर असतो. मैदानाचं छप्पर सरकतं खरं, पण ते छत्रीसारखं वरून झाकतं, बाजू उघड्याच राहतात. १२ अंशांची हवा ३२ अंशांच्या हवेपेक्षा साधारण सात टक्के दाट असते. त्यात शहर समुद्रसपाटीला. अमेरिकेतलंच दुसरं बेसबॉल शहर डेन्व्हर सोळाशे मीटर उंचावर आहे, तिथे हवेचा दाबच सहाव्या हिश्श्याने कमी.

आता माझा आवडता भाग, मॅग्नस परिणाम, म्हणजे फिरत्या चेंडूला हवेने दिलेला बाजूचा धक्का. पिचरच्या हातून निघालेला वेगवान चेंडू मिनिटाला दोन हजारांहून जास्त वेळा उलटा फिरत असतो, म्हणजे त्याचा माथा पिचरच्या दिशेने मागे जात असतो. समोरून येणारी हवाही माथ्यावरून मागेच चाललेली असते. दोघांची दिशा एक, म्हणून वरची हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि मागच्या बाजूने खाली वळते. पोटाकडे उलट घडतं. तिथे पृष्ठभाग हवेच्या विरुद्ध धावतो, हवा लवकर सुटते. एकूण हिशेब असा की चेंडू आपल्या मागची हवा खाली ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा चेंडूला वर ढकलते. चेंडूवरची १०८ दुहेरी टाक्यांची उठलेली शिवण हवेला खेचून धरायला मदत करते.

ताशी १५३ किलोमीटरने टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोचतो. गुरुत्वाकर्षण एकटं असतं तर तेवढ्यात तो ७८ सेंटिमीटर पडला असता. मॅग्नस बल त्यातले चाळीसेक सेंटिमीटर वाचवतं. बॅटर शपथेवर सांगतात की चेंडू वर चढला. तो चढत नाही, अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बॅट फिरवायलाच ०.१५ सेकंद लागतात, म्हणजे निर्णय चेंडू अर्ध्याहून थोडा पुढे आला की घ्यायचा, आणि उरलेला मार्ग मेंदूने अंदाजाने आखायचा. बॅट गोल, चेंडू गोल. दोघांच्या मध्यरेषा दोन-अडीच सेंटिमीटर चुकल्या तर सणसणीत फटक्याचा झेल होतो.

मॅग्नस बल हवेच्या घनतेच्या प्रमाणात वाढतं. सात टक्के दाट हवेत चाळीस सेंटिमीटरचे जवळपास त्रेचाळीस होतात. समुद्रसपाटीला एक फूट वळणारा चेंडू डेन्व्हरला दहाच इंच वळतो. दाट हवेत चेंडूचा वेग जरा जास्त घटतो, तो बॅटरचा किरकोळ फायदा. पण फटका बसल्यावर तीच हवा पुन्हा आडवी येते. हवेचा रोधही घनतेच्या प्रमाणात असतो, आणि उंच फटका चार-पाच सेकंद हवेत असतो. उलट फिरकीमुळे फटक्यालाही उचल मिळते, तीही दाट हवेत वाढते, पण रोधामुळे होणारं नुकसान त्याहून मोठं. वीस अंशांच्या फरकाने ४०० फुटी फटका दहा-बारा फूट कमी जातो. कुंपणाशी टिपलेले कितीतरी झेल एवढ्याच अंतराने झेल ठरतात.

म्हणून मला भाच्याला सांगायचं होतं की ही दोन आश्चर्यं वेगळी नाहीत. एकच हवा पिचरला आहे त्याहून मोठं दाखवते आणि बॅटरला आहे त्याहून लहान. २०१२ मध्ये या एकाच मैदानावर तीन नो-हिटर झाले, म्हणजे तीन सामन्यांत एका संघाला एकही हिट (बॅटरला सुखरूप बेसवर पोचवणारा फटका) मिळाला नाही. त्यांतला एक पाहुण्या संघाच्या पिचरचा होता. घरचे आकडे बाजूला काढून बाहेरच्या मैदानांवरचे आकडे पाहिल्याशिवाय कुणालाही शिव्या देऊ नयेत.

अर्थात १,६२५ स्ट्राइकआउटचं खापर हवेवर फोडता येणार नाही. आणि चेटूक तर मुळीच नको. सप्टेंबर २०२५ मध्ये संघ हरत असताना एका चाहत्याने ऑनलाइन पैसे मोजून एका चेटकिणीकडून मंत्र करवून घेतला. पुढे संघ सलग दहा सामने जिंकला आणि चेटकीण प्रसिद्ध झाली. चार-पाच पराभवांनंतर चांगला संघ जिंकू लागतो, लिंबू-मिरची बांधा अथवा न बांधा. त्या हंगामात कॅल रॉली या मरिनर्सच्या कॅचरने (आपल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) ६० होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचे फटके, मारले. श्रेय त्याच्या मनगटांचं आहे. ते परक्या बाईच्या मंत्राला देणं मला सहन होत नाही.

याच मैदानाला घर मानून २००४ मध्ये इचिरो सुझुकीने २६२ हिट मारले, हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यांतले २२५ एकेरी होते, बरेचसे जमिनीलगत सरपटत गेलेले. अशा चेंडूला चार-पाच सेकंद हवेशी झुंजावंच लागत नाही.