दोन-तीन महिन्यांच्या बाळाला देव म्हणावे का? ख्रिस्तजन्माच्या अर्थाची पार्श्वभूमी

नाताळची कथा वाचकांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. पहिल्या काही पिढ्यांच्या श्रद्धेत मात्र या जन्माला आजच्याइतके मोठे स्थान नव्हते. सारा भर वधस्तंभावर आणि पुनरुत्थानावर. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, जन्माची कथाच नाही. प्रेषित पौल गलतीकरांना पत्र लिहिताना 'स्त्रीपासून जन्मलेला' एवढे म्हणतो आणि पुढे जातो. योहान गव्हाणीकडे न वळता थेट 'शब्द देही झाला' असे सांगतो. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एका नामवंत भाष्यकाराने तर वाढदिवसांवरच टीका केली होती: शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे कोण, तर फारो आणि हेरोद हे राजे! रोममध्ये २५ डिसेंबर पाळल्याची सर्वांत जुनी नोंद ३३६ सालाची. ही तारीख सूर्यदेवाच्या सणावरून घेतली, की २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले, यावर दर डिसेंबरात चर्चा रंगते. जन्माच्या अर्थात त्या चर्चेने फारशी भर पडत नाही.

अर्थाचा खरा झगडा पाचव्या शतकातला. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असे ३२५ साली निकेआच्या परिषदेत ठरले होते. त्यातून पुढचा पेच उभा राहिला: मग मरीयेच्या पोटी नेमके कोण जन्मले?

४२८ साली कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीच्या, गादीवर आलेल्या बिशपांनी मरीयेला 'देवाची माता' म्हणण्याला हरकत घेतली. 'ख्रिस्ताची माता' म्हणा, हा त्यांचा आग्रह. देवत्वाला आरंभ नसतो, ते एखाद्या स्त्रीच्या उदरात कसे सुरू होईल, ही त्यांची चिंता होती आणि ती काही वेडगळ नव्हती. अलेक्झांड्रियाच्या बिशपांचे म्हणणे उलट होते. बाळ एकच आहे, दोन नव्हेत. मरीयेने ज्याला जन्म दिला तोच अनादी पुत्र. हे म्हणायला कचरलात, तर देव आपल्यात आला हेच तुम्ही नाकारता.

रोमन बादशहाने ४३१ च्या पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणाला) इफिस येथे परिषद बोलावली. कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपांची बाजू घेणारे अंत्युखियाकडचे बिशप अजून वाटेतच होते. त्यांच्यासाठी न थांबता अलेक्झांड्रियाच्या गटाने २२ जूनला कामकाज सुरू केले. ६८ बिशपांनी लेखी विरोध नोंदवला, बादशहाच्या प्रतिनिधीनेही हरकत घेतली, पण कोणी जुमानले नाही. ज्यांच्यावर आरोप होता ते कॉन्स्टँटिनोपलचे बिशप आलेच नाहीत. 'दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही,' असे ते बोलल्याची साक्ष त्यांच्याविरुद्ध झाली. एका दिवसात पदच्युतीचा ठराव मंजूर झाला आणि रात्री गावकऱ्यांनी मशाली पेटवून परिषदेतल्या बिशपांना मुक्कामी पोहोचवले. चार दिवसांनी अंत्युखियाची मंडळी आली. त्यांनी वेगळी बैठक भरवली आणि अलेक्झांड्रियाच्या बिशपांनाच पदच्युत करून टाकले! बादशहाने आधी दोन्ही ठराव उचलून धरले. ४३३ साली तडजोड झाली: 'देवाची माता' कायम राहिले, आणि ख्रिस्ताचे देवत्व व मानवत्व एकमेकांत विरून जात नाही, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही मान्य झाला. ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने तीच मांडणी पक्की केली.

कामकाज म्हणून पाहिले तर हा निकाल कोणत्याही सभेच्या नियमात बसणारा नव्हता, आणि हरलेल्या बाजूचे धड ऐकूनही घेतले गेले नाही. प्रश्न मात्र अगदी मुळाचा होता. भूक, रडणे, आईच्या दुधावर जगणे, बाळंत्यात गुंडाळले जाणे हे देवाने स्वतः भोगले, असे म्हणण्याचे बळ या निकालाने दिले. 'जे त्याने धारण केले नाही, ते बरेही झाले नाही,' हे सूत्र चौथ्या शतकातच मांडले गेले होते. बाल्यही त्याने धारण केले असेल, तर तारणाचे काम वधस्तंभाच्या कितीतरी आधी, गर्भातच सुरू होते. इफिसचा निकाल न मानणारी पूर्वेकडची मंडळी वेगळी राहिली. रोमच्या धर्मपीठाने त्यांच्याबरोबर संयुक्त घोषणापत्र काढून दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेची आहेत असे मान्य केले ते १९९४ साली. मधे १५६३ वर्षे गेली.

चित्रांतही हा निकाल उतरला. परिषदेनंतर थोड्याच वर्षांत रोममधल्या एका मोठ्या चर्चच्या कमानीवर मोझेक बसवले गेले. त्यात मागी लोकांसमोरचे, म्हणजे दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांसमोरचे, बाळ आईच्या मांडीवर दिसत नाही. ते एकटेच प्रशस्त सिंहासनावर बसले आहे, मागे देवदूत उभे आहेत. पूर्वेकडच्या प्रतिमांची तऱ्हा वेगळी: गुहा काळीकुट्ट, गव्हाणी दगडी शवपेटीसारखी, बाळंते कफनासारखे. जन्माच्या चित्रातच मरण रेखाटलेले. शेजारी बैल आणि गाढव असतात. ते शुभवर्तमानांतले नव्हेत, जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आलेले आहेत.

सिंहासनावरचे बाळ गवतावर आणले ते असिसीच्या संत फ्रान्सिसने. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने गव्हाणी, गवत, खराखुरा बैल आणि गाढव मांडून तिथेच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करवली. देवाचे दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्याचा हेतू. आजचा घराघरातला गोठा त्याच वळणाचा. धर्मसुधारणेनंतर काही कडव्या पंथांना हा सणच खटकला. इंग्लंडच्या संसदेने १६४७ साली तो बंद केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या मठात राहणाऱ्या एका तरुण ननने बाळ येशूच्या भक्तीतून लहान होऊन देवावर विसंबण्याचा मार्ग सांगितला, आणि विसाव्या शतकात लॅटिन अमेरिकेतल्या धर्मचिंतकांनी विचारले, की देवाने जन्मासाठी गरिबांचीच बाजू निवडली असेल तर चर्चने कुठे उभे राहावे?

अलीकडचे गोठे त्याच प्रश्नाचे आहेत. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या एका चर्चने मरीया, योसेफ आणि बाळ यांना तीन वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवले. सीमेवर ताटातूट झालेल्या स्थलांतरित कुटुंबांकडे रोख होता. २०२३ साली बेथलेहेममधल्या एका लूथरन चर्चने बाळाची मूर्ती विटा-काँक्रीटच्या ढिगाऱ्यात ठेवली; रोख गाझातल्या युद्धाकडे होता. दोन्ही वेळा काहींनी हरकत घेतली: पवित्र जन्माला राजकारणात ओढू नका. हरकत समजण्यासारखी आहे; गोठा कोणाच्याही घोषणेसाठी वापरता येतो, हे धोक्याचेच. पण लूकने बाळ जन्मण्याआधीच मरीयेच्या तोंडी जे गीत घातले आहे, त्यात सत्ताधारी आसनांवरून खाली ओढले जातात आणि धनवान रिकाम्या हातांनी परत पाठवले जातात.