ट्रकच्या नाकातून लोंबणारी वायर

कॅनडात सास्काटूनला मी पहिल्यांदा आलो तेव्हा ऑक्टोबर होता, आणि पार्किंगमधे उभ्या असलेल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांचा प्लग लोंबताना दिसायचा, अगदी आपल्या मिक्सरला असतो तसला. मला खरंच वाटलं इथे सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्यात की काय, पण त्यात अर्धे तर जुने खटारा डिझेल ट्रक (इथे पिकअपलापण ट्रकच म्हणतात). मग डिसेंबर आला, उणे ३० झालं, आणि बिल्डिंगच्या पार्किंगमधे प्रत्येक जागेसमोर खांबावर सॉकेट का आहे ते कळलं. मी मूळचा जळगावचा, आमच्याकडे गाडी गरम होऊ नये म्हणून सावलीत लावतात, इथे ती गार पडू नये म्हणून रात्रभर विजेला जोडतात.

ती वायर जाते ब्लॉक हीटरला, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक (मुख्य लोखंडी सांगाडा) तापवणाऱ्या हीटरला. आता हे का लागतं, ते समजायला डिझेल इंजिन पेटतं कसं ते बघावं लागतं. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग असतो, ठिणगी पडली की काम झालं. डिझेलमधे ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती दाबूनच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. सायकलमधे हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच, फक्त इथे हवा १७ पट वगैरे दाबली जाते.

गंमत अशी की दाबल्यावर तापमान बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. ढोबळ हिशेब केला तर ३० डिग्रीची हवा १७ पट दाबली की साधारण ५४० डिग्रीला जाते, पण तीच हवा सुरुवातीला उणे ३० असेल तर जेमतेम ३८० ला पोचते. म्हणजे बाहेर फरक ६० डिग्रीचा आणि आत पडला १६० चा. कोणी म्हणेल डिझेल तर लॅबमधे दोनशेच्या थोडं वर आपोआप पेटतं, मग ३८० पुष्कळ झाले की. कागदावर पुष्कळ आहेत, पण इंजिनात पेटायला मिळतात काही मिलिसेकंद, फवाऱ्याचे थेंब थंडीत नीट बारीक होत नाहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजूबाजूचं लोखंड उणे ३० ला असतं ते ही कमावलेली उष्णता लगेच शोषून घेतं. त्यात सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) हळू फिरत असेल तर हवेला गार व्हायला आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला अजून वेळ मिळतो. मग सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर येतो, तो म्हणजे न जळलेलं डिझेलच.

सेल्फ हळू का फिरतो? कारण ऑइल. आपल्याकडे ट्रकला सर्रास घालतात ते १५डब्ल्यू-४० ऑइल उणे २० ला गरम इंजिनातल्यापेक्षा काहीशे पट घट्ट असू शकतं. काकवी बघितली असेल तर ती थंडीत कशी चमच्याला धरून बसते ते आठवा, आणि त्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरवायचा. बरं, फिरवणारी बॅटरी, तिच्यातली रासायनिक क्रियापण थंडीत मंदावते, म्हणजे जेव्हा जास्त जोर हवा नेमका तेव्हाच ती हात आखडता घेते. हीटर प्लग असतात, काही इंजिनात हवा आत येते तिथेच जाळीसारखा हीटर असतो, पण ते हवेला शेवटच्या क्षणी मदत करतात, अर्धा टन गारठलेल्या लोखंडाचं काय करणार.

पूर्वी लोक काय करायचे तर रात्री इंजिनमधलं ऑइलच काढून घरात चुलीपाशी ठेवायचे आणि सकाळी गरम गरम परत ओतायचे. याला कंटाळून म्हणा, अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्सला अँड्र्यू फ्रीमन नावाचा माणूस होता, त्यानं तांब्याची जुनी नळी आणि इस्त्रीची कॉइल घेऊन पहिला हीटर घरीच बनवला, तो इंजिनच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) बोल्टच्या जागी बसायचा, १९४९ मधे त्याला त्याचं पेटंट मिळालं. हा माणूस नोकरीला होता वीज सहकारी संस्थेत, आपल्याकडे मुळा-प्रवरा होती तसली, आणि विजेचा खप वाढवणारी वस्तूच त्यानं शोधली, हा योगायोग मला फार आवडतो.

आजचा हीटर बहुतेक वेळा ब्लॉकच्या बाजूला एका गोल भोकात बसतो. त्या भोकाच्या झाकणाला इथे फ्रॉस्ट प्लग म्हणतात, आणि लोक समजतात की कूलंट (इंजिन गार ठेवणारं आतलं पाणी) गोठलं तर ते बाहेर उडून ब्लॉक वाचावा म्हणून ठेवलंय. तसं ते कधीकधी उडतंही, पण भोकं त्यासाठी नाहीयेत. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही विचारा, ब्लॉक ओतताना आतल्या पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून वाळूचा कोअर ठेवतात, ती वाळू नंतर बाहेर काढायला भोक लागतंच, तेच हे. ओतकामातलं हे उरलेलं भोक थंड देशात हीटर बसवायला आयतं मिळालं.

आत काय असतं तर अंघोळीचं पाणी तापवायचा रॉड. खरंच, तत्त्व तेच, कॉइलमधून करंट गेला की ती तापते आणि भोवतीचं कूलंट तापवते. हीटर शक्यतो खालच्या बाजूला असतो, तापलेलं कूलंट हलकं होऊन वर चढतं, गार खाली येतं, आणि पंप बंद असतानाही हळूहळू फिरत राहतं. बादलीत रॉड वरच्यावर अडकवला तर वरचं पाणी कढत आणि तळाचं गार राहतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला हीटरची जागा खाली का ते सांगायला नको.

आता लोकांचा नेहमीचा प्रश्न, किती वेळ लावायचा. कमिन्सच्या मोठ्या पिकअप इंजिनला साधारण ७५० वॅटचा हीटर येतो. अर्धा टन लोखंड अधिक वीसेक लिटर कूलंट, हे सगळं एक डिग्रीनं तापवायला त्याला साडेसहा-सात मिनिटं लागतात, तेही उष्णता बाहेर अजिबात गेली नाही असं धरून. म्हणजे तीन तासांत फार तर २७ डिग्री, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यामुळे निघायच्या आधी अर्धा तास प्लग लावणं म्हणजे मनाचं समाधान. पण उलटही खरं, रात्रभर लावून काही दुप्पट फायदा होत नाही, कारण ब्लॉक जसजसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम होतो तसतशी त्याची उष्णता जास्त वेगानं बाहेर जाते आणि एका टप्प्याला जितकी आत येते तितकीच बाहेर जाते, तापमान तिथेच अडकतं. बारा तास लावला तर ९ युनिट जळतात, तीन तासाला सव्वादोन. म्हणून टायमर लावायचा, पहाटे चारला चालू, सातला आपण निघायचं. उणे ३५ च्या खाली मी चार तास देतो, मोठं इंजिन आहे, उगाच कंजुषी नको.

वाऱ्याचा गारठा म्हणून बातम्यांमधे जो उणे ४५ चा आकडा सांगतात त्याचं इंजिनाला काही नसतं हं. बाहेर उणे ३० असेल तर इंजिन उणे ३० च्या खाली जाऊच शकत नाही, वाऱ्यानं फक्त तिथे लवकर पोचतं. मात्र हीटर चालू असताना वारा उष्णता पळवतो, म्हणून ट्रकचं तोंड वाऱ्याकडे न ठेवता पाठ वाऱ्याकडे केली तर फरक पडतो.

वायरीचं मात्र गंभीरपणे घ्या. घरातली पातळ एक्स्टेन्शन वापरली तर ती वाटेतच तापते, प्लग वितळलेले मी बघितलेत. बाहेरच्या थंडीत मऊ राहणारी जाड वायरच हवी. आणि ती आरशाला एक वेढा देऊन न्या, म्हणजे काढायची आठवण राहते, मी एकदा खांबापासून वायर तोडून निघून गेलो होतो आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतोय तर मी त्यालाच हात करतोय. हीटर चालतोय का हे कळायला प्लग लावून कान जवळ न्या, बारीक सूं असा आवाज येतो. मीटर असेल तर प्लग काढून त्याच्या दोन चपट्या पिनांमधे रेझिस्टन्स बघा, ७५० वॅटवाला इथल्या १२० व्होल्टला १९ ओहमच्या आसपास दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल गेली.

एवढं करूनही दोन वर्षांपूर्वी मी अडकलोच. हीटर चार तास चालला होता, ट्रक एका सेल्फमधे चालू झाला, मी खूश, आणि दोन किलोमीटरवर आचके देऊन बंद. झालं असं की सप्टेंबरमधे भरून ठेवलेल्या कॅनमधलं डिझेल मी टाकीत ओतलं होतं, म्हणजे उन्हाळ्यातलं. डिझेलमधे मेण असतं, खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी पांढरी होऊन थिजते तसं ते गोठतं आणि फिल्टरमधे अडकतं. ब्लॉक हीटर ब्लॉकच तापवतो, टाकी आणि फिल्टर बाहेर त्याच थंडीत कुडकुडत असतात. म्हणून इथे पंपावर हिवाळ्यात वेगळं डिझेल येतं, आणि आपल्याकडेही लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मधे उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलंय ते याचसाठी. माझा ट्रक ओढून एका गरम शेडमधे नेला, गॅरेजवाल्यानं फिल्टर काढून दाखवला तर आत अक्षरशः वनस्पती तूप भरल्यासारखं दिसत होतं, नवीन फिल्टर बसवला आणि ट्रक संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, तोवर टाकीतलं डिझेल पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ झालं होतं.