पाऊस पडला की साइट तपासायची: नियमामागचा इतिहास

बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला की चर्चा आजवा तलावातून सोडलेल्या पाण्याची आणि पात्रातल्या अतिक्रमणांची होते. भुखी, मसिया, रूपारेल या कांसांतल्या (पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्यांतल्या) गाळाकडे फारसं कोणी बघत नाही. या गाळाचा एक हिस्सा बांधकामाच्या साइटवरून वाहत येतो, आणि तो जागीच अडवता येतो.

त्यासाठी पावसानंतर साइट तपासण्याची तपशीलवार नियमावली अमेरिकेत तयार झाली. तिथल्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याचा भर सुरुवातीला कारखाने आणि मैलापाण्याच्या पाइपांवर होता. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाचं पाणी स्पष्टपणे परवान्याखाली आलं. १९९० च्या नियमांत ५ एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरणाऱ्या साइट आल्या, तर १९९९ मध्ये ही मर्यादा १ एकरावर आणली गेली. या परवान्यात तपासणीचे दोन पर्याय दिले आहेत: दर ७ दिवसांनी, किंवा दर १४ दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की २४ तासांच्या आत. या नियमाचं खरं मर्म दुसऱ्या पर्यायात आहे, कारण गाळरोधक कापड (गाळ अडवायला साइटवर कुंपणासारखं उभं लावलेलं) कुठून फुटलं ते पावसानंतर लगेचच दिसतं.

कापड बहुधा खालूनच दगा देतं. त्याची खालची कड साधारण १५ सें.मी. खोल चरात पुरून माती चोपली नसेल, तर पाणी तळ कोरून निघून जातं. ते समतल रेषेत न लावता उतारावर लावलं, तर सगळं पाणी खालच्या टोकाला जमून तिथेच कापड आडवं होतं. गाळ कापडाच्या निम्म्या उंचीला पोचण्याआधी काढायचा. पायाच्या खड्ड्यातलं उपसलेलं पाणी थेट गटाराच्या चेंबरमध्ये सोडायचं नाही, आधी टाकीत निवळू द्यायचं. चिकणमातीचे कण तर तासन्‌तास तरंगत राहतात, त्यामुळे इथे घाई अजिबात चालत नाही.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने २०,००० चौ.मी. किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी सक्तीची केली. २०१६ च्या राडारोडा नियमांनी बांधकामाचा कचरा रस्त्यावर किंवा गटारात टाकायला मनाई केली. पण अधिसूचनेचं मोजमाप उकरलेल्या जमिनीचं नाही, बांधीव क्षेत्राचं आहे. आणि गाळ तर उकरलेल्या जमिनीतूनच येतो. मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. म्हणजे एक तारीख पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी तो सरल्यावर, आणि गाळ वाहतो तो नेमका मधल्या महिन्यांत.

पाव इंच म्हणजे सुमारे ६ मि.मी. साइटवर साधा पर्जन्यमापक असेल तर हा आकडा रोज सकाळी वाचता येतो, आणि तो ओलांडला की साइट इंजिनिअरने सगळ्यात आधी उतारावरचं शेवटचं चेंबर उघडून बघावं.