पार्श्वभूमी : ग्लायडर प्रशिक्षण आणि उतरतानाचे अपघात

व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर बंधने आणली आणि 1920 नंतर जर्मनीत ग्लायडिंगला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या उड्डाणाला, बहर आला. तेव्हा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एकटाच बसे. आधी उघड्या सांगाड्यावर बसून जमिनीवर घसरायचे, मग रबरी दोराच्या ओढीने छोट्या उड्या मारायच्या. पहिल्या पायरीच्या 'ए' बिल्ल्यासाठी 30 सेकंदांचे उड्डाण पुरे होई. उंची आणि वेग कमी असल्याने चूक झाली तरी फार तर लाकूड मोडेल, असे या पद्धतीचे समर्थक म्हणत. मात्र पुढे पहिले खरे वळण घेऊन मैदानाकडे येताना चूक दाखवणारे कोणीच सोबत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन आसनी प्रशिक्षण रूढ झाले. तो निर्णय योग्यच होता, पण त्याने धोका संपवला नाही, तर त्याचा निम्मा भार प्रशिक्षकावर टाकला. जमीन जवळ येत असताना विद्यार्थी एअरब्रेक (ग्लायडर वेगाने खाली आणणाऱ्या पंखांवरील पट्ट्या) एकदम पूर्ण उघडतो किंवा दांडा उशिरा ओढतो, तेव्हा नियंत्रण हाती घ्यायला प्रशिक्षकाजवळ एखाद-दोन सेकंद असतात. लवकर घेतले तर विद्यार्थी शिकत नाही, उशीर झाला तर चाक आदळते. भारतात 1961 साली उडालेल्या 'रोहिणी' या दोन आसनी ग्लायडरमध्ये आसने शेजारी-शेजारी असल्याने शिकणाऱ्याचा हात दिसे. एकामागे एक आसनांच्या ग्लायडरमध्ये मागच्या प्रशिक्षकाला मुख्यतः त्याचे डोके दिसते. ही बाब चर्चेत फार कमी येते.

सर्वांत मोठा गुंता मात्र 'हार्ड लँडिंग' (जोरात आदळत उतरणे) या शब्दाचा आहे. तो ऐकून किरकोळ धक्क्याचा भास होतो. आंतरराष्ट्रीय तपास-नियमांनुसार बोटे किंवा नाक यांचे साधे फ्रॅक्चर वगळता कोणतेही हाड मोडणे ही गंभीर इजा ठरते आणि गंभीर इजा झाली की ती घटना अपघात ठरते. उलट केवळ टायर, चाक किंवा पंखाचे टोक खराब झाले, तर ते नुकसान अपघातात मोजले जात नाही. ग्लायडरमध्ये बसणाऱ्याखाली धक्का जिरवणारी जागा फारच थोडी असते, त्यामुळे ग्लायडर जवळजवळ शाबूत राहूनही पाठीचा मणका दबून मोडू शकतो. अशा विद्यार्थ्याची कंबर दुसऱ्या दिवशी दुखू लागली आणि एक्स-रे काढलाच नाही, तर कागदावर केवळ 'हार्ड लँडिंग' उरते. आसनावर मऊ स्पंज घालण्याची जुनी सवयही इथे घातकच, कारण तो क्षणात पूर्ण दबतो आणि मग शरीर खालच्या कठीण तळावर अधिक जोराने आदळते. म्हणून हळूहळू दबणारा, ऊर्जा शोषणारा फोम वापरण्याचा आग्रह धरला जातो.